काट्यावर उणे तीनशे दहा

डेअरीत दही आणायला घरचा स्टीलचा डबा घेऊन गेलात तर एक गंमत फुकटात बघायला मिळते. बहुतेकांची ती हुकते, कारण नेमक्या त्या क्षणी आपण सुटे पैसे मोजत असतो. दुकानदार रिकामा डबा काट्यावर ठेवतो. काटा दाखवतो ३१०. मग तो एक बटण दाबतो आणि डबा तिथेच असताना आकडा होतो ०. तो दही घालू लागतो, आकडा चढत चढत ५०० वर येतो, पळी थांबते, डबा तुमच्या हातात येतो. आता काट्यावर काहीही नाही. बघा बरं आकडा! −३१०.

काहीच ठेवलेलं नसताना शून्य दिसायला हवं ना? मग हे शून्याच्या खालचं काय? उणे तीनशे दहा ग्रॅम दही कसं दिसतं, आंबट लागतं का?

दह्याचा इथे काही संबंधच नाही. बटण दाबून दुकानदाराने काट्याला एवढंच सांगितलं, की बाबा रे, रिकाम्या डब्यासकट जे वजन आहे त्याला आता शून्य समज. काटा आज्ञाधारक. डबा उचलला तेव्हा त्या नव्या शून्यापेक्षा त्याच्यावरचा भार ३१० ग्रॅमने कमी झाला आणि त्याने तसं इमानदारीत सांगितलं. खात्री करायची असेल तर भरलेला डबा परत काट्यावर ठेवायला सांगा. डबा ३१० आणि दही ५००, मिळून ८१० ग्रॅम. −३१० मध्ये ८१० मिळवले की ५००. काटाही तेच दाखवेल. (मागे रांग असेल तर हा प्रयोग नको.)

शून्य म्हटलं की आपल्याला वाटतं, काही नाही, संपलं. पण या काट्यावरचं शून्य दुकानदाराने स्वतः नेऊन ठेवलेलं होतं. सहावीच्या पुस्तकात पूर्णांक संख्या, धन संख्या, ऋण संख्या आणि ती लांबलचक संख्यारेषा भेटते, तेव्हा शून्य मधोमध ठोकून बसवल्यासारखं दिसतं. ते तसं नसतं. ते सरकतं. कुठे सरकवायचं हे कळलं की निम्मं गणित झालंच म्हणा.

शून्य सरकवणाऱ्यांतला एक नामांकित माणूस म्हणजे स्वीडनचा अँडर्स सेल्सिअस. ताप आला की थर्मामीटरवर, नाहीतर हवामानाच्या बातमीत त्याचं नाव ऐकू येतं. १७४२ साली त्याने आपली तापमानाची पट्टी मांडली आणि ती आजच्या बरोबर उलटी होती! पाणी उकळतं तिथे ० आणि बर्फ होतं तिथे १००. जितकं थंड, तितका आकडा मोठा. ती पट्टी तशीच राहिली असती तर काय झालं असतं बघा. थंडीत उणे अंश कधी दिसलेच नसते. आपले −१५ अंश त्याच्या पट्टीवर ११५. उलट पुऱ्या तळायचं तेल आपल्या पट्टीवर १८० अंशांच्या आसपास असतं, ते त्याच्याकडे भरलं असतं उणे ८०. १७४४ मध्ये सेल्सिअस वारला आणि लवकरच पट्टी उलटवली गेली. तेल तेवढंच गरम राहिलं, बर्फही तेवढाच गार.

आजच्या पट्टीवर एक घरगुती गणित करू. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, जिथे आइस्क्रीम असतं तिथे, साधारण −१८ अंश असतात. बाहेर विदर्भातला मे महिना, ४५ अंश. आइस्क्रीमची वाटी बाहेर काढली तर तिने किती अंशांची उडी मारली? कित्येक जण ४५ मधून १८ वजा करून २७ म्हणतात. पण वाटी आधी −१८ पासून ० पर्यंत १८ अंश चढली आणि तिथून पुढे ४५. एकूण ६३. कागदावर हेच ४५ − (−१८) असं लिहितात. दोन उणे शेजारी आले की बेरीज का होते, हा प्रश्न पडला असेल तर वाटी शून्य ओलांडून गेली, एवढं डोळ्यांसमोर आणा.

लिफ्टमध्येही हाच प्रकार. तळमजल्याला ० धरायची आपली पद्धत इथे फार सोयीची. तळघराच्या दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे −२ वर, गाडी लावली आणि पाचव्या मजल्यावर जायचं असेल तर ५ − (−२), सात मजले. अमेरिकेत मात्र जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला म्हणायचा रिवाज आहे. तिथे शून्यच गायब! त्यामुळे आपलं हे सोपं गणित तिथे लावलं की एक मजला जास्त येतो.

वेळेलाही शून्य असतं. चांद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून सुटलं १४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी. काउंटडाउन सुरू झालं होतं आदल्या दिवशी दुपारी, साडेपंचवीस तास आधी. उड्डाणाचा क्षण शून्य, त्याच्या आधीचं सगळं उणे आणि नंतरचं अधिक. शून्याला रॉकेटच्या दोन बाजूंचे मोठे बूस्टर पेटतात आणि मधली द्रवइंधनाची इंजिनं पेटतात साधारण +१०८ सेकंदांना. −१० पासून तिथपर्यंत किती वेळ? १०८ − (−१०) = ११८ सेकंद. घड्याळातली वेळ सोडून ही उलटी मोजणी कशाला? समजा काही अडचण आली आणि काउंटडाउन अर्धा तास थांबवलं. घड्याळाच्या वेळा लिहिलेल्या असत्या तर शेकडो कामांच्या वेळा खोडून नव्याने लिहाव्या लागल्या असत्या. इथे फक्त शून्य अर्ध्या तासाने पुढे सरकतं आणि कामांची यादी जशीच्या तशी त्याच्यामागून जाते.

आता परीक्षा. तोंडं वाकडी करू नका, ही दुसऱ्या कुणाची तरी आहे. तुमच्या ओळखीत कुणी ताई-दादा जेईई किंवा नीटची तयारी करत असेल, तर त्यांच्या तोंडी 'निगेटिव्ह मार्किंग' सारखं असतं. चार पर्यायांच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं की +४, चुकलं की −१, सोडून दिलं की ०. सरावासाठी अशी वीस प्रश्नांची चाचणी घेतली. दादाचे १५ बरोबर आले, ५ चुकले. ६० मधून ५ गेले, ५५ गुण. दुसऱ्या दिवशी क्लासचे सर म्हणाले, अकरावा प्रश्नच चुकीचा छापला होता, तो रद्द. दादाने नेमका तो चुकवलेला. म्हणजे त्याच्या खात्यातला एक −१ काढून टाकायचा. ५५ − (−१). तोटा काढून घेतला, म्हणून गुण झाले ५६! ज्याचं उत्तर छापील उत्तराशी जुळलं होतं त्याचे मात्र +४ गेले आणि तो दिवसभर सरांशी हुज्जत घालत बसला असणार.

जाता जाता या गुणांतली एक गंमत. चार प्रश्नांना डोळे मिटून तुक्के मारले आणि सरासरीने एक बरोबर आला, तर +४ आणि −३, हाती राहतो +१. म्हणजे तुक्का अगदीच वाया जात नाही. पण सरासरी दर वेळी तुमच्या बाजूने येतेच असं नाही आणि चारही चुकले की −४ बसतात. दादाला हे सांगू नका.

गुणांवरून आठवलं, उणे आकड्यांमुळे एक अख्खा देश विश्वचषकातून घरी गेला आहे. आपल्या कोल्हापुरात कुणालाही विचारा. तिथे तालीम मंडळांचे फुटबॉल संघ आहेत, विश्वचषक आला की चौकाचौकात अर्जेंटिना-ब्राझीलचे फलक लागतात, तेव्हा ही गोष्ट तिथल्या पोरांना पाठ असेल. तारीख ३० नोव्हेंबर २०२२, कतार. 'क' गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी चालू होते. एकीकडे अर्जेंटिना पोलंडला २-० ने मागे टाकून खेळत होता, दुसरीकडे मेक्सिको सौदी अरेबियाविरुद्ध २-० ने पुढे. पोलंड आणि मेक्सिको यांच्यापैकी एकच पुढे जाणार होता आणि दोघांचे गुण सारखे, चार-चार.

गुण सारखे असले की त्या स्पर्धेत आधी गोलफरक बघायचे: केलेले गोल वजा खाल्लेले गोल. त्या घडीला पोलंडने २ केले होते, २ खाल्ले होते, फरक ०. मेक्सिकोचंही तेच, २ आणि २, फरक ०. गोलही सारखे. एकमेकांतला सामना? तोही ०-० ने बरोबरीत सुटलेला! आता काय करणार? मग पंचांची कार्डं मोजतात. पिवळं कार्ड −१. दोन पिवळी होऊन लाल झालं तर −३. थेट लाल −४. पोलंडची पाच पिवळी, म्हणजे −५. मेक्सिकोची सात, म्हणजे −७. पुढे कोण?

इथे भलेभले फसतात. ७ हा ५ पेक्षा मोठा, म्हणून −७ मोठा वाटतो. पण संख्यारेषेवर −५ हा −७ च्या उजवीकडे आहे, शून्याच्या जवळ आहे, म्हणून तोच मोठा. पोलंड वर. आपला संघ २-० ने जिंकत असताना मेक्सिकोचे प्रेक्षक पिवळी कार्डं मोजत बसले होते. एक गोल हवा होता, फक्त एक. गोल झालाही, पण ९५ व्या मिनिटाला आणि तो केला सौदीच्या सालेम अल-दवसारीने. मेक्सिको २-१ ने जिंकला, गोलफरक झाला −१ आणि प्रवास संपला. पोलंड २-० ने हरूनही ० च्या जोरावर पुढे गेला. मला विचाराल तर कार्डांवरून निकाल लावण्याची पद्धत जरा रुक्षच आहे. पण चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा बरी. चार वर्षं आधी, २०१८ मध्ये, जपान आणि सेनेगल यांचा निकाल खरोखरच कार्डांवर लागला होता: −४ विरुद्ध −६.

त्या 'क' गटाचा शेवटचा गोलफरक एका रांगेत लिहून बघा. अर्जेंटिना +३, पोलंड ०, मेक्सिको −१, सौदी अरेबिया −२. करा बेरीज. शून्य! हा योगायोग आहे का? कुठलाही गट घ्या, तुमच्या शाळेची स्पर्धा घ्या, बेरीज शून्यच यायला हवी. कारण एक गोल झाला की करणाऱ्याच्या खात्यात +१ आणि खाणाऱ्याच्या खात्यात −१, एकाच क्षणी पडतात. म्हणून शाळेच्या फळ्यावर गोलफरकाचा तक्ता लिहिला असेल, तर तो रकाना बेरजेला घ्या. शून्य आलं नाही तर तक्ता लिहिणाऱ्याला शोधायला निघा. कबड्डीच्या गुणफरकालाही हे लागू पडतं.

असे उणे-अधिक एकमेकांना खाऊन टाकतात, याचा फायदा बाजारात रोज घेता येतो. कांद्याच्या आठ गोण्या आल्या आहेत. प्रत्येकी साधारण पन्नास किलोच्या, पण अगदी पन्नासच्या कशा असतील? मापाडी एकेक गोणी काट्यावर घेतो आणि आकडा पुकारतो: ५२, ४९, ५१, ४७, ५०, ५३, ४८, ४६. तोंडी बेरीज करा. हात मोबाइलकडे जाऊ देऊ नका.

आपण शून्य उचलून ५० वर ठेवू. आता गोण्या झाल्या +२, −१, +१, −३, ०, +३, −२, −४. जोड्या लावा. पहिलीचे +२ आणि सातवीचे −२ गेले. −१ आणि +१ गेले. −३ आणि +३ गेले. शून्य तर शून्यच. उरले फक्त −४. आठ पन्नासा चारशे, त्यातून चार गेले, ३९६ किलो. गोण्यांची वजनं हा नुसता खुर्दा होता; दहा सेकंदांत हिशेब मिटला.

कुणी म्हणेल, मला उणे आवडत नाही, मी शून्य ४५ वर ठेवतो. ठेवा की! मग आकडे येतात ७, ४, ६, २, ५, ८, ३, १, सगळे धन. त्यांची बेरीज ३६, आठ गुणिले ४५ म्हणजे ३६०, एकूण ३९६. उत्तर तेच. फक्त कुणी कुणाला खाल्लं नाही, त्यामुळे मेहनत जास्त पडली. शून्य अशा जागी ठेवावं की त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी होईल. अर्धं काम मग ती गर्दीच करते. आता बारदानाचं, म्हणजे रिकाम्या गोणीचं वजनही वजा करायचं असतं. गोणीमागे एक किलो धरलं तर −८. राहिले ३८८.

बेरीज-वजाबाकी झाली, पण उणे गुणिले उणे बरोबर अधिक, हे कसं काय? 'नियम आहे, पाठ करा' असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि घरी येऊन चौकटीची वही उघडा. दहा बाय दहाचा चौकोन आखा, शंभर घरं. वरच्या दोन ओळी पेन्सिलने रंगवा. उजवीकडचे तीन उभे रकानेही रंगवा. न रंगवलेला भाग आठ बाय सातचा. दोन ओळींची घरं २०, तीन रकान्यांची ३०. शंभरातून वीस गेले, तीस गेले, उरले ५०. पण पाढा काय म्हणतो? आठ साती छप्पन्न! सहा घरं कुठे गेली?

वरचा उजवा कोपरा बघा. दोन बाय तीन, सहा घरं. ती ओळींमध्येही मोजली गेली आणि रकान्यांमध्येही. म्हणजे आपण ती दोनदा वजा केली. एकदा परत द्यायला हवीत. +६. आता गणिताच्या भाषेत लिहा: ८ म्हणजे १० − २ आणि ७ म्हणजे १० − ३. त्यांच्या गुणाकारात शेवटी उरतं (−२) × (−३) आणि ते +६ नसेल तर आठ साती छप्पन्न होतच नाहीत. समजा कुणी हट्टाने −६ धरलं तर आठ साती चव्वेचाळीस म्हणावं लागेल. आजी पाढ्यांना बसवेल पुन्हा.

हा नियम इसवी सन ६२८ मध्ये लिहून ठेवलेला सापडतो. आजच्या राजस्थानातल्या भिनमाळच्या ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' हा ग्रंथ लिहिला तेव्हा तो तीस वर्षांचा होता. धन म्हणजे जवळची पुंजी, ऋण म्हणजे कर्ज आणि शून्य, असे तिघे घेऊन त्याने बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळ्यांचे नियम दिले. सारख्याच धन-ऋणाची बेरीज शून्य, ऋण गुणिले ऋण धन. शून्याला शून्याने भागलं तर शून्य, असंही लिहिलं. ते मात्र पुढे टिकलं नाही. त्याच्याही आधी चीनमध्ये हिशेबाच्या काड्या वापरायचे, लाल काड्या धनाच्या, काळ्या ऋणाच्या. आज तोटा लाल शाईत दाखवतात, त्याच्या नेमकं उलट! युरोपला मात्र हे पचायला फार वेळ लागला. १७५८ सालीसुद्धा इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मॅझेरेस नावाच्या विद्वानाने ऋण संख्यांविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं होतं.

आपले भास्कराचार्य या बाबतीत मोठे मजेशीर. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्याने तिथे मठ काढला होता. ११५० सालच्या 'बीजगणिता'त भास्कराचार्यांनी एक माकडांचं कोडं घातलंय. माकडांच्या टोळीचा पाचवा हिस्सा घ्या, त्यातून तीन वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. टोळीत माकडं किती?

५० घेऊन बघा: पाचवा हिस्सा १०, तीन गेले ७, वर्ग ४९ आणि फांदीवरचं एक. जमलं. आता ५ घेऊन बघा: पाचवा हिस्सा १, तीन गेले −२, वर्ग +४ आणि फांदीवरचं एक. हेही जमलं! भास्कराचार्यांना दोन्ही उत्तरं दिसली होती. पण दुसरं त्यांनी बाजूला ठेवलं. उणे दोन माकडं लोकांना पटायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

बरोबरच आहे, माकडांचं शून्य कुठे सरकवणार? पण हेच भास्कराचार्य 'लीलावती'त एका त्रिकोणापाशी येतात आणि उणे उत्तर आनंदाने ठेवून घेतात. त्रिकोणाच्या बाजू १० आणि १७, पाया ९. वरच्या टोकापासून पायावर लंब टाकला तर तो १० च्या बाजूकडच्या कोपऱ्यापासून किती अंतरावर पडेल? कृती अशी: १७ चा वर्ग २८९, १० चा वर्ग १००, वजाबाकी १८९. भागिले ९, आले २१. पाया ९, त्यातून २१ गेले, −१२. त्याचं निम्मं −६. भास्कराचार्य म्हणतात, ऋण आलं म्हणजे उलट्या दिशेला मोजा.

आलेख कागद आणि पट्टी घ्या. ९ सेंटिमीटरचा पाया आखा. त्याच्या डाव्या टोकाला शून्य लिहा. शून्यापासून पायाच्या बाहेर, डावीकडे ६ सेंटिमीटर जा आणि तिथून सरळ वर ८. ते टोक पायाच्या दोन्ही टोकांना जोडून पट्टीने मोजा. एक बाजू १० भरेल, दुसरी १७.

जमलं की पुढचा त्रिकोण तुमचा: बाजू १३ आणि २०, पाया ११. लंब पायाच्या बाहेर किती अंतरावर पडतो आणि किती उंच आहे, ते आधी आकडेमोडीने काढा, मग पट्टी लावा.